दवाखाना नकाशावर जवळ दिसतो, मग बाई तिथे पोहोचत का नाही? बीडच्या उदाहरणातून समजून घेऊ

फोनवर 'धर्मापुरी' शोधून बघा. आधी तामिळनाडूतला धर्मपुरी जिल्हा येण्याची शक्यता जास्त. मग तेलंगणातलं गोदावरीकाठचं धर्मपुरी, तिथल्या नरसिंह मंदिराच्या फोटोंसकट. बीड जिल्ह्यातल्या परळी तालुक्यातलं, चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिराचं आणि किल्ल्याचं आपलं धर्मापुरी हवं असेल, तर बहुतेक पुढे 'बीड' जोडावं लागतं.

माणूस शोधत असेल तर हा घोळ दोन सेकंदांत लक्षात येतो. पण राज्यातल्या चाळीस हजारांहून जास्त गावांची आणि त्यातल्या दवाखान्यांची यादी कॉम्प्युटर नुसत्या नावावरून नकाशावर बसवत असेल तर? एखादं आरोग्य केंद्र सरळ तामिळनाडूत जाऊन बसतं आणि धर्मापुरीच्या भोवती नकाशावर मोकळी जागा उरते. म्हणून हे काम करणारे लोक गावाचं नाव वापरत नाहीत, जनगणनेतला किंवा सरकारी निर्देशिकेतला गावाचा कोड वापरतात.

बायकांना बाळंतपण, गर्भनिरोधन, गर्भपात, पाळीचे आणि गर्भाशयाचे आजार यांसाठीची सेवा मिळते की नाही, हे नकाशावर मोजण्याची पद्धत गेल्या वीस वर्षांत जगभर रुळली आहे. सरकारं त्यावरून नवं रुग्णालय कुठे हवं, रुग्णवाहिका कुठे उभी करावी हे ठरवू शकतात. म्हणजे हा नकाशा चुकला तर दवाखाना चुकीच्या जागी होतो. बीड जिल्ह्यात तर नकाशा बरोबर असूनही चुकीची गोष्ट सांगू शकतो. ते कसं, तेच बघायचं आहे. आधी हे मोजतात कसं?

सरळ रेघ, रस्ता आणि वेळ

सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे गाव आणि दवाखाना यांच्यात सरळ रेघ मारायची. सरकारी कागदांवरचं 'पाच किलोमीटरच्या परिघात आरोग्य सुविधा' हे वाक्य बऱ्याचदा असंच तयार होतं. पण परळी-अंबाजोगाईचा परिसर बालाघाटाच्या डोंगररांगांचा आहे. माणूस रेघेवरून चालत नाही, ओढा आणि डोंगर टाळून जातो.

दुसरी पद्धत रस्त्याने अंतर मोजायची. त्यासाठी रस्त्यांचा नकाशा लागतो. २००४ साली सुरू झालेला 'ओपनस्ट्रीटमॅप' हा विकिपीडियासारखा, लोकांनी मिळून बनवलेला नकाशा इथे उपयोगी पडतो. २०२२ मध्ये केंद्र सरकारने प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेसाठी गोळा केलेली ग्रामीण रस्ते, वस्त्या आणि शाळा-दवाखान्यांसारख्या सुविधांची माहितीही सगळ्यांसाठी खुली केली.

तिसरी आणि आज सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत वेळ मोजते. पूर्ण प्रदेशाचे छोटे छोटे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोन ओलांडायला किती मिनिटं लागतील ते ठरवायचं. डांबरी रस्ता असेल तर कमी, शेत असेल तर जास्त, चढ असेल तर आणखी जास्त. मग कॉम्प्युटर प्रत्येक घरापासून दवाखान्यापर्यंत सगळ्यात कमी मिनिटांची वाट शोधतो. जागतिक आरोग्य संघटनेचं 'ॲक्सेसमॉड' नावाचं मोफत सॉफ्टवेअर याच कामासाठी आहे. 'क्यूजीआयएस' हे नकाशांचं दुसरं मोफत सॉफ्टवेअर तर साध्या लॅपटॉपवरही चालतं. कुठल्या चौकोनात किती बायका राहतात याचा अंदाज 'वर्ल्डपॉप'सारखे प्रकल्प देतात. जनगणनेचे आकडे आणि उपग्रहाची छायाचित्रं एकत्र करून त्यांनी साधारण शंभर मीटरच्या चौकोनांपर्यंत लोकसंख्या वाटून दिली आहे.

याच तत्त्वावर २०२० मध्ये 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात अख्ख्या जगाचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की वाहन मिळालं तर जगातले सुमारे ९ टक्के लोक तासाभरात दवाखान्यात पोहोचू शकत नाहीत. पण चालतच जायचं असेल तर हा आकडा ४३ टक्क्यांवर जातो. दवाखाने तेच आणि रस्तेही तेच. बदल फक्त 'गाडी आहे' या गृहीतकाचा. आणि आपल्याकडे घरात मोटरसायकल असली, तरी ती दिवसभर कोणाकडे असते हे वेगळं सांगायला नको.

दोन तास कुठून आले?

या नकाशांवर बऱ्याचदा दोन तासांची रेषा आखलेली दिसते. तिच्या आतली गावं हिरवी, बाहेरची लाल. बाळंतपणानंतर जास्त रक्तस्राव सुरू झाला आणि उपचार मिळाले नाहीत, तर साधारण दोन तासांत बाई दगावू शकते, हे त्यामागचं मुख्य कारण. शस्त्रक्रियांच्या उपलब्धतेवर काम करणाऱ्या 'लॅन्सेट'च्या आयोगानेही २०१५ मध्ये हीच मर्यादा धरली होती. सिझरसारखी तातडीची शस्त्रक्रिया किमान ८० टक्के लोकसंख्येला दोन तासांत मिळायला हवी, असं उद्दिष्ट त्यांनी मांडलं.

आता एक हिशोब करू. आकडे उदाहरणापुरते धरलेले आहेत, पण तुमच्या ओळखीच्या कुठल्याही वस्तीला लावून बघता येतील. समजा, एक तांडा गावापासून दोन किलोमीटर पांदण रस्त्यावर आहे. गावातून मोठ्या रस्त्यापर्यंत आठ किलोमीटर आणि तिथून सिझर होणारं रुग्णालय अठरा किलोमीटर. कळा येणारी बाई पांदणीतून ताशी चार किलोमीटरने चालली तर ३० मिनिटं. गाडी मिळायला २०. आठ किलोमीटर ताशी २५ च्या वेगाने साधारण १९ मिनिटं. उरलेले अठरा किलोमीटर ताशी ४५ ने २४ मिनिटं. एकूण ९३ मिनिटं. दोन तासांच्या आत, नकाशावर हिरवं.

आता हाच हिशोब ऑगस्टमध्ये करा. काळ्या मातीच्या पांदणीत चिखल झाला की वेग ताशी अडीच किलोमीटरवर येतो, म्हणजे ४८ मिनिटं. गाडीसाठी ४०. खड्ड्यांच्या रस्त्याने ताशी १५ ने ३२ मिनिटं आणि मोठ्या रस्त्यावर ताशी ३० ने ३६. बेरीज १५६ मिनिटं, म्हणजे दोन तास ३६ मिनिटं. तांडा होता तिथेच आहे, रुग्णालयही हललेलं नाही. तरी गाव लाल झालं.

चांगल्या अभ्यासांत म्हणूनच पावसाळ्याचा आणि उन्हाळ्याचा नकाशा वेगळा काढतात. रुग्णवाहिकेचा हिशोबही वेगळा ठेवावा लागतो. राज्यात २०१४ पासून १०८ ची सेवा आहे, ९३७ गाड्यांनी ती सुरू झाली. पण गाडी आधी गावात यावी लागते आणि मग रुग्णालयात जावी लागते. प्रवास दोनदा मोजायचा असतो. अनेक नकाशे तो एकदाच मोजतात.

नायजेरियातल्या लागोस शहरात संशोधकांनी बाळंतिणींच्या प्रवासाची खरी वेळ आणि कॉम्प्युटरने काढलेली वेळ यांची तुलना केली. चौकोनांच्या पद्धतीने काढलेली वेळ खऱ्यापेक्षा बरीच कमी निघाली. शहरातल्या वाहतुकीने जे तिथे केलं, ते आपल्याकडे चिखल आणि न मिळणारी गाडी करते.

कुठला दवाखाना, कशासाठी?

नकाशावर एक लाल अधिकचं चिन्ह असतं आणि आपण त्याला 'दवाखाना' म्हणतो. पण उपकेंद्रात गर्भनिरोधक गोळ्या आणि लसीकरण मिळेल, सिझर होणार नाही. सरकारी निकषांप्रमाणे सपाट भागात पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं लागतं. डोंगराळ आणि आदिवासी भागात हे आकडे तीन हजार आणि वीस हजार असे आहेत. साधं बाळंतपण प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकतं. सिझरसाठी मात्र स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्त अशा तिन्ही गोष्टी एकाच वेळी हजर लागतात. यातली एक जरी नसली, तरी इमारत नकाशावर राहते आणि बाई पुढच्या गावाला जाते.

म्हणून एक नकाशा पुरत नाही. तांबी बसवण्याचा वेगळा, सोनोग्राफीचा वेगळा, सिझरचा वेगळा, कायदेशीर गर्भपाताचा वेगळा. शेवटच्याचं उदाहरण घ्या. १९७१ च्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा मिळाली. पण ती ज्या केंद्रात आणि ज्या डॉक्टरकडे होऊ शकते, ते ठिकाण गावापासून किती लांब आहे, हे कायद्याच्या पुस्तकात दिसत नाही.

त्यात गर्दी आली. एका विहिरीवर दहा घरं पाणी भरतात आणि दुसरीवर शंभर, तर दोन्ही विहिरी 'पाच मिनिटांवर' असून काय उपयोग? हे मोजायची एक पद्धत २००३ पासून वापरात आहे. आधी प्रत्येक रुग्णालयाच्या टप्प्यात किती लोक येतात ते मोजून डॉक्टरांचं प्रमाण काढायचं. मग प्रत्येक गावातून ज्या ज्या रुग्णालयांत जाता येतं, त्यांची प्रमाणं मिळवायची. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला हे नीट लागू होतं. ते जवळ असलेली बाई भाग्यवान वाटते, पण त्याच दारात आजूबाजूच्या तालुक्यांतल्या बायकाही उभ्या असतात.

आणि जिल्ह्याच्या हद्दी. बीड जिल्ह्याचा नकाशा काढायला बसलेला अधिकारी जिल्ह्याच्या सीमेवर रंग भरणं थांबवतो. परळी तालुक्यातून मात्र लातूर शहर बीडपेक्षा जवळ आहे. पेशंटला हद्द माहीत नसते, तिला एसटी कुठे जाते ते माहीत असतं. (मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. त्याने खर्च कमी झाला, फेऱ्या वाढल्या नाहीत.)

जानेवारीत ती गावात नसते

बीडमध्ये या सगळ्यापेक्षा मोठी एक अडचण आहे. लोकसंख्येचा नकाशा असं धरून चालतो की बाई तिच्या गावात राहते.

दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातून ऊसतोड मजूर निघतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता', आणि मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर फेडायची असते. मार्च-एप्रिलपर्यंत त्या बायका फडात आणि कारखान्याजवळच्या कोप्यांत राहतात. वर्षातले जवळपास सहा महिने धर्मापुरीसारख्या गावाचा कागदावरचा हिरवा रंग त्यांच्या कामाचा नसतो. त्यांची आशाताई गावात, नोंदणी कार्ड गावात आणि त्या अडीचशे-तीनशे किलोमीटरवर. ज्या गावात तोड सुरू आहे, तिथल्या आरोग्य केंद्राच्या लोकसंख्येतही त्या धरलेल्या नसतात. दोन्ही नकाशांतून गायब.

तिथे गेल्यावर दवाखाना दोन किलोमीटरवर असला तरी एक दिवस सुट्टी घेतली की 'खाडा' पडतो, म्हणजे मजुरी तर बुडतेच, वर दंडही लागतो. हे मिनिटांत कसं मोजायचं? दूरच्या दवाखान्याला जायला जेवढा खर्च येतो, तेवढाच खर्च जवळच्या दवाखान्याला जायला येत असेल, तर तिच्या दृष्टीने तो दवाखाना जवळ नाहीच.

२०१९ ने शिकवलेली उलटी गोष्ट

एप्रिल २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या 'पिशवी काढण्याच्या' बातम्या देशभर गाजल्या. त्याच वर्षी जूनमध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितलं, की जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यासमोर आलेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे साधारण सहाजणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण देशात ३.२ टक्के आणि महाराष्ट्रात २.६ टक्के होतं. वयोगट आणि पद्धत वेगळी असल्याने थेट तुलना करू नये, तरी फरक दुर्लक्ष करण्याइतका लहान नाही.

आता ही गोष्ट नकाशावर ठेवून बघा. स्त्रीरोगाच्या शस्त्रक्रियेची सोय असलेली रुग्णालयं परळी, अंबाजोगाई, माजलगाव, केज, बीड या गावांत जवळजवळ होती. प्रवासाच्या वेळेचा नकाशा काढला असता तर जिल्ह्याचा बराच भाग हिरवा आला असता. 'शस्त्रक्रिया सहज उपलब्ध.' आणि ते खरंच होतं! ऑपरेशन थिएटर जवळ होतं. अंगावरून पांढरं जाणं किंवा जास्त रक्तस्राव अशा तक्रारीवर आधी साधी औषधं, तपासणी, दुसऱ्या डॉक्टरचं मत आणि 'तुझं वय तीस आहे, पिशवी काढायची गरज नाही' असं सांगणारं कोणीतरी, या गोष्टी लांब होत्या.

मला वाटतं, बीडने नकाशा काढणाऱ्यांपुढे ठेवलेला हाच खरा पेच आहे. अंतराच्या नकाशात जवळ असणं नेहमी चांगलंच धरलेलं असतं. इथे चुकीची सेवा जवळ आणि योग्य सेवा लांब असल्याचा परिणाम बायकांच्या शरीरावर झाला.

संशोधकांकडे यासाठी जुनी चौकट आहे. १९८१ मध्ये पेनचान्स्की आणि थॉमस या अमेरिकी अभ्यासकांनी सेवा मिळण्याचे पाच भाग पाडले. सेवा आहे का, पोहोचता येते का, तिची वेळ आपल्याला जमते का, परवडते का आणि तिथे जाणं आपल्याला मानवतं का. नकाशा पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं चांगली देतो, उरलेल्या तिघांसाठी माणसांशी बोलावं लागतं. १९९४ मध्ये थडियस आणि मेन यांनी बाळंतिणींच्या मृत्यूंमागचे तीन उशीर सांगितले. जायचं ठरवण्यात, पोहोचण्यात आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यात. नकाशा मधला उशीर मोजतो.

त्या प्रकरणानंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा, असं राज्यांना सांगितलं. परवानगीच्या या नोंदींमुळे अशा नकाशाला हवी ती माहिती जमू शकते. किती बायकांच्या शस्त्रक्रियेला परवानगी मागितली गेली, त्या कुठल्या तालुक्यातल्या, वय किती, आधी सोनोग्राफी झाली होती का. हे तालुकावार रंगवलं तर रस्त्यांच्या नकाशापेक्षा जास्त कळेल.

पण ठिपका म्हणजे बाई

हे करताना एक धोका आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. नकाशावर ठिपका टाकला की तो कुणाचं तरी घर असतं. तीस घरांच्या तांड्यात 'एक गर्भपात' असा ठिपका म्हणजे जवळपास नाव लिहिण्यासारखं आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणासारख्या सर्वेक्षणांत यावर एक उपाय करतात. ज्या वस्तीत मुलाखती झाल्या तिचा जीपीएस बिंदू प्रसिद्ध करण्याआधी मुद्दाम सरकवतात. शहरात दोन किलोमीटरपर्यंत, खेड्यात पाच किलोमीटरपर्यंत आणि ग्रामीण भागातल्या दर शंभरातला एक बिंदू दहा किलोमीटरपर्यंत. बाईची ओळख लपते. पण त्याच आकड्यांवरून कोणी 'अमुक गावापासून दवाखाना साडेतीन किलोमीटरवर' असं सांगत असेल, तर त्या साडेतीनवर विश्वास ठेवू नका. सरकवलेल्या बिंदूपासून मोजलेलं ते अंतर आहे.

त्यामुळे रुग्णालयं, रस्ते, रुग्णवाहिका हे ठिपक्यांनी दाखवावं. बायकांची माहिती मात्र तालुका किंवा आरोग्य केंद्राच्या पातळीवर, एकत्र करूनच.

तुमच्या गावाचा नकाशा तुम्ही सुधारू शकता का?

हो, आणि त्याला पदवी लागत नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर मोफत खातं उघडून आपल्या गावातल्या रस्त्यांची माहिती कोणीही भरू शकतं. उपग्रहाच्या छायाचित्रात पांदण दिसते, पण ती पावसाळ्यात चालते का ते दिसत नाही. रस्त्याचा पृष्ठभाग मातीचा की डांबरी, हे नोंदवायला तिथे वेगळा रकाना आहे. ते भरलं की वेळ मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला त्या चौकोनाचा वेग बरोबर धरता येतो.

दवाखान्याच्या ठिपक्यावरही नुसतं नाव लिहून थांबू नका. उघडण्याच्या वेळेचा रकाना असतो, तो भरा. सोनोग्राफी रोज होते की आठवड्यातून एकदा, आणि कुठल्या वारी, हे आशाताईला किंवा सिस्टरला विचारलं तर दोन मिनिटांत कळतं. रात्री सिझर होतं का, हेही त्यांनाच विचारा.